गाढववाटेवरची भिंत

१२ जानेवारी

फिलो,

हे पत्र मा तुला आणून देईल, टोपलीत फडक्याखाली घालून. तू ते उघडणार नाहीस हेही मला माहीत आहे. आधीची पत्रं तू साखरेच्या डब्यामागे उभी करून ठेवलीस असं मा सांगते. निदान जाळली तरी नाहीस. अंगणात पावाची भट्टी रोज पेटत असताना भावाचे कागद जाळायचे राहिले, म्हणजे अजून काहीतरी शिल्लक आहे असं मी धरून चालतो. पोलिसाला एवढा पुरावा पुरतो.

कामाचं सांगतो. मोर्नच्या डोंगरावरच्या सगळ्यांना घरं मिळणार हे नक्की झालं. वादळात डोंगर खचला त्याला वर्ष उलटून गेलं, माच्या घराची एक बाजू अजून निळ्या ताडपत्रीने झाकलेली आहे आणि ती आत बसून ‘देवाची कृपा, छप्पर तरी आहे’ म्हणते. गृहनिर्माण मंडळाने केळीचा जुना मळा घेतलाय. हो, तोच, मोर्न आणि खाली समुद्राकाठच्या तुमच्या आन्सच्या मधला, ज्यातून गाढववाट खाली उतरते. केळी केव्हाच गेली, आता रांगेने घरं उभी राहतील.

आणि ऐक, त्यांनी नकाशा आमच्या ठाण्यात पाठवला. सोबत पत्र: ‘नियोजित वसाहतीबाबत पोलिस सेवेच्या दृष्टीने विचारात घ्यायच्या बाबी कळवाव्यात.’ प्रॉस्पेरसाहेबांनी ते जसंच्या तसं माझ्या टेबलावर सरकवलं. म्हणाले, हद्द तुझी, तूच लिही, मी सही करतो. फिलो, माझी उभी नोकरी झाली, पण कोणी मला आधी विचारलंय असं हे पहिल्यांदाच. पोलिसाला नेहमी नंतर बोलावतात. चोरी झाल्यावर, होडी बुडाल्यावर, नवऱ्याने बायकोला मारून झाल्यावर. इथे अजून एक वीट नाही आणि मला विचारतायत, सार्जंट, तुम्हाला काय वाटतं. मी नकाशा खोलीवर नेला, जेवणाच्या टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर ताटल्या ठेवल्या आणि जेवायचं विसरलो.

घरं चिठ्ठ्या टाकून वाटणार आहेत. माला खालच्या रांगेतलं, तुझ्या बाजूचं मिळावं म्हणून प्रार्थना कर. माझ्यापेक्षा तुझ्या प्रार्थनेला वजन आहे, तू दर रविवारी जातेस.

एव्हरार्डला काही निरोप नाही. तो घेणार नाही. तुझ्या नवऱ्याच्या होडीत मार्टिनिकहून जकात चुकवून सिगरेटी आल्या, मी त्या पाहिल्या, आणि कोर्टात विचारल्यावर पाहिल्या म्हणून सांगितलं. होडी जप्त झाली याचं मला वाईट वाटतं. पण मी दुसरं काय सांगायला हवं होतं ते तू अजून मला सांगितलेलं नाहीस.

हिलेरियन


४ मार्च

फिलो,

माचं घर खालच्या रांगेत निघालं. तुझ्या प्रार्थनेला मानलं. चिठ्ठी काढायला स्टेजवर बोलावलं तर तिने आधी हात धुवायला पाणी मागितलं. सगळे हसले, मंत्रीसुद्धा. ती हसली नाही. ओले हात गाऊनला पुसले आणि चिठ्ठी काढली.

मी जागेवर जाऊन उभा राहून पाहिलं. तिच्या मागच्या अंगणातून तुझ्या भट्टीचा धूर दिसेल. रोज ती एवढा मोर्न उतरून तुझ्याकडे पीठ मळायला येते आणि दुपारी गुडघ्यांवर हात देत वर चढते, ते आता संपेल. मागच्या दाराने निघाली की गाढववाटेने थेट तुझ्या अंगणात. चुलीवर दूध ठेवून निघाली तर उतू जायच्या आत परत येईल.

आमचा अभिप्राय गेला. भरपूर मागितलं. दुसरी जीप मागितली, कारण आहे तिचं दार तारेने बांधलंय आणि मेल्विना, माझी कॉर्पोरल, चढावर ती जीप उलटी घेऊन जाते, पुढच्या गिअरात दमच नाही. माणसं मागितली. वसाहतीत एका खोलीची चौकी मागितली. रस्त्यावर दिवे मागितले. मोठ्या रस्त्याला कडेने चालायला पट्टी मागितली, कारण मिनीबसवाले त्या वळणावर कसे येतात ते मी रोज बघतो. घरांवर ठळक क्रमांक हवेत असं लिहिलं, म्हणजे कोणी ओरडलं तर कुठल्या दारात जायचं ते कळेल. आणि अशाच आणखी एकदोन किरकोळ बाबी, लिहायच्या म्हणून लिहिल्या.

साहेबांनी न वाचता सही केली. चांगला लांबलचक झालाय म्हणाले.

माच्या टोपलीतून कधीतरी एक पाव उलटा पाठव. तुझ्या हातचा खाऊन सहा वर्षं झाली. इथल्या दुकानातला पाव कापूस आहे.

हिलेरियन


१९ मे

फिलो,

मंडळाचं उत्तर आलं. जीप: नोंद घेतली. माणसं: नोंद घेतली. चौकी, दिवे, रस्त्याची पट्टी: नोंद घेतली. लहानपणी आपण सायकल मागितली की पा ‘बघू’ म्हणायचा, ते आठव. तसंच हे.

फक्त एक बाब मान्य झाली. वसाहतीच्या मागच्या अंगाला, तुमच्या बाजूने, भिंत येणार आहे. वरून तसं ठरलं. सुरक्षा वगैरे. भिंत स्वस्त पडते, ती पगार मागत नाही आणि डिझेल पीत नाही.

भिंतीला बहुतेक दार ठेवतील. ठेवायला हवं. मी विचारून बघतो.

पाव मिळाला. मा म्हणाली की तू पाठवला नाहीस, तिनेच उचलून आणला. तरी खाल्ला.

हिलेरियन


७ जुलै

फिलो,

हे पत्र टपालाने येतंय. टपालवाली लुसिएन ते दोन्ही बाजूंनी न्याहाळेल आणि मग अर्ध्या गावाला सांगेल, पण आता दुसरा मार्ग नाही. मा नव्या घरात राहायला आली, पण तिथून येऊ शकत नाही, मोठ्या रस्त्याच्या वळणावरून मी तिला सोडत नाही. भिंत पुरी झाली आणि तिला दार नाही. ती भिंत कोणी मागितली हे काल तुला सभेत कळलंच.

मी मागे दाराशी उभा होतो. तू मला पाहिलंस आणि मान फिरवलीस. मंडळाची ती इंजिनिअर बाई मनाची चांगली आहे, तिला काय कल्पना. लोकांनी विचारलं, आमची वाट कुठे गेली. तिने फाईल उघडली आणि मोठ्याने वाचलं: ‘वसाहतीतून आरपार जाणारी पायवाट ठेवू नये. मागील बाजूस सलग भिंत असावी. ये-जा मोठ्या रस्त्याच्या बाजूने, एकाच फाटकातून असावी.’ आणि खाली माझं नाव, पदासकट. तिला वाटलं ती माझा मान वाढवतेय. लोक हळूहळू मागे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी टोपी काढून हातात घेतली, का ते माहीत नाही.

हो, मी लिहिलं. वरून काही ठरलं नव्हतं. मागच्या पत्रात तसं म्हणालो, कारण ते पत्र मा घेऊन येणार होती. तिच्या टोपलीत ते वाक्य घालायला मला जमलं नाही.

मी सूड म्हणून लिहिलं असं तू बायकांना म्हणालीस, तेही माझ्यापर्यंत आलं. एव्हरार्ड वर येऊ नये म्हणून भिंत घातली म्हणे. फिलो, एका माणसाला अडवायला एवढी भिंत कोण बांधतं? आम्हाला ते शिकवलेलं आहे. इंग्लंडहून एक मास्तर आला होता, त्याने त्यांच्याकडच्या गल्ल्यांची चित्रं दाखवली. आरपार वाट म्हणजे चोराला दोन दारं, असं तो म्हणायचा आणि आम्ही माना डोलवायचो. त्या गल्ल्यांतून कोणाची आई पीठ मळायला जात नसावी.

नकाशावर गाढववाटेची फक्त एक तुटक रेघ होती. ती मला ओळखू आली नाही असं मी साहेबांना सांगितलं. तुला तसं सांगत नाही. ओळखू आली होती. रात्री होड्यांतून उतरणारा माल त्याच वाटेने वर चढतो, हा विचार आला. तो विचार एव्हरार्डचा नव्हता. थोडासा होता. पण मा त्याच रेघेवरून रोज चालते हे त्या वेळी डोक्यात आलं नाही. शपथेवर सांगतो, आलं नाही. सार्जंट म्हणून बसलो होतो, सार्जंटसारखाच उठलो.

भिंतीचे ठोकळे येऊन पडले त्या आठवड्यातच मी दुसरा अभिप्राय पाठवला होता, दार ठेवा म्हणून. मंडळाने कळवलं, मुदत संपली. आता बदल करायचा तर पोलिसांच्या वरिष्ठांनी नव्याने मागणी करावी लागेल. मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, “हिलेरियन, एकदा भिंत माग, एकदा भोक माग. खात्याला लोक हसतील. बस खाली, चहा घे.” मी चहा घेतला.

घरात पाणी येतं. पहिल्या दिवशी मा नुसती नळ उघडत होती आणि बंद करत होती. ते बघून बरं वाटलं होतं.

हिलेरियन


१५ सप्टेंबर

फिलो,

माचं मनगट मोडलेलं नाही, मुरगळलंय. आधी हे सांगतो, मग बाकीचं.

ती मला न विचारता निघाली. फाटकातून बाहेर, मोठ्या रस्त्याने, हातात टोपली. तुझ्याकडे यायला. त्या वळणावर मिनीबस आली, बाजूला सरकायला जागा नाही, मा गटारात उतरली, म्हणजे पडली. बसवाला थांबला हे त्याचं नशीब. मेल्विनाने तिला जीपमध्ये घातलं आणि दवाखान्यात नेलं. मी पोचलो तर मा बाकावर बसून त्या बसवाल्याचीच समजूत काढत होती, पोरा, तू तरी काय करणार, रस्ताच तेवढा आहे.

रस्त्याच्या पट्टीची मागणी कोणी केली होती ते तिला सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.

तिने मला एकदाही दोष दिलेला नाही. दिला असता तर मी काहीतरी बोललो असतो. काल दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा खुर्चीत बसून भिंतीकडे बघत होती. मग म्हणाली, “तुला एक दार मागता येत नाही का रे? तू तर पोलिस आहेस.”

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ उघडला आणि उगाच भांडी घासली.

ती आता दिवसभर काय करते ते तुला माहीत असलं पाहिजे. सकाळी उठून पीठ मळते. खूप मळते. आणि मंडळाच्या त्या छोट्या गॅसच्या ओव्हनमध्ये पाव भाजते. तो फुगत नाही, फुगला तर करपतो. शेजारी भिडेखातर घेतात. मग दुपारी अंगणात जाऊन भिंतीला तोंड लावून तुला हाक मारते, आणि पलीकडून तू ओरडतेस, “खाल्लंस का?” ती ओरडते, “खाल्लं.” झालं. वाऱ्याची दिशा बरोबर असली तर तुझ्या भट्टीचा वास येतो, तेव्हा ती दार लावून घेते. हे मी बघितलंय म्हणून लिहितोय.

तू लुसिएनकडून निरोप पाठवलास की माला तुझ्याकडेच राहायला न्यायचं. निरोप पोचला. मी माला नको म्हणालो. कारण सांगतो. घर तीन महिने कुलूपबंद दिसलं की मंडळ ते काढून पुढच्या माणसाला देतं, आणि मोर्नवरच्या घरात परत जाता येणार नाही, ते पाडून टाकलंय. उद्या तुझ्या छपराला वादळ लागलं तर तिने कुठे जायचं? हे मी तिच्यासाठीच म्हणालो. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय आणि सरकारी खोली सोडावी लागेल. तेव्हा मीही तिच्याजवळच राहायला जाणार होतो. म्हणूनही म्हणालो.

हिलेरियन


४ नोव्हेंबर

फिलो,

हे पत्र पुन्हा मा आणतेय, टोपलीत, फडक्याखाली. लिहितानाही हात हलका वाटतोय.

अधिकृतपणे मी भोकाचा तपास करतोय. आता माझा तपास कसा झाला ते ऐक. मृतांच्या सणाला मेणबत्त्या घेऊन तुमच्या बाजूच्या कबरस्तानात कसं जायचं, यावर वसाहतीत महिनाभर धुसफुस चालली होती हे मला माहीत होतं. म्हातारी माणसं, हातात फुलं, त्या वळणावरून. मी वर कळवलं. नोंद घेतली. सणाच्या आदल्या दिवशी सकाळी मला जाणूनबुजून भलतीकडे बोलावलं, कोणाची तरी बकरी हरवली म्हणून. मी परत आलो तर भिंतीला चांगलं दाराएवढं भोक, आणि ठोकळे बाजूला नीट रचून ठेवलेले, कोणाला लागू नयेत म्हणून.

कुदमें घातला होता. घर बांधायला जशी सगळी वाडी जमते तशी भिंत पाडायला जमली. पुरुषांनी घण मारले, बायकांनी बुयाँचं पातेलं चढवलं, पोरं पाणी देत होती. मी विचारलं, कोणी पाडलं? पहिला म्हणाला मी. दुसरी म्हणाली मी. बिछान्याला खिळलेला म्हातारा ऑर्लाँदोही खिडकीतून म्हणाला मी. मेल्विना लिहून घेत होती, तिने थोड्या वेळाने पेन बंद केलं आणि विचारलं, सार्जंट, आपण आधी जेवून घ्यायचं का? फिलो, मी सरकारी गणवेशात उभा राहून पुराव्याबरोबर दोन वाट्या बुयाँ प्यालो. त्यात कच्ची केळी होती, अळकुड्या होत्या, आणि मीठ जरा कमी होतं.

सणाच्या संध्याकाळी साधे कपडे घालून मीही त्या भोकातून आलो. पाच्या कबरीवर तुझी मेणबत्ती आधीच लागलेली होती. मी माझी तिच्या शेजारी लावली. तू गेली होतीस. बरंच झालं, मला काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं.

मा आता कोपरापर्यंत पिठाने माखून घरी येते. हात धुवायला सांगितलं की म्हणते, नळ कुठे पळून चाललाय.

पण आज साहेबांचा फोन आला. कोणीतरी भोकाचा फोटो मंत्र्यांना पाठवला. पोलिसांनीच मागितलेली भिंत पोलिसांच्या नाकाखाली फोडली, असं वर बोललं जातंय. साहेब ओरडले नाहीत. म्हणाले, भोक बुजवायचं, तुझ्या बंदोबस्तात. मी म्हणालो, साहेब, तिथे नुसती चौकट बसवा, फाटक लावा, किल्ली ठाण्यात ठेवा, मी रोज सकाळी स्वतः उघडेन. ते म्हणाले, लिहून दे. लिहून दिलं.

उत्तर काय येईल ते तुला आतापर्यंत पाठ झालं असेल.

हिलेरियन


२३ नोव्हेंबर

फिलो,

सगळं तुझ्या डोळ्यांदेखत झालं, तरी लिहितोय. तू पलीकडून बघत होतीस, मी अलीकडून. दोन्ही सारखं दिसत नाही.

इथला एकही गवंडी यायला तयार झाला नाही. त्या दिवशी सगळ्यांच्या पाठीत उसण भरली होती. मंडळाने शहरातून माणूस पाठवला, तरुण, गप्प, कानात गाण्याची वायर. त्याला कशाचंच काही नव्हतं. त्याने कुदमेंवाल्यांनी रचून ठेवलेले ठोकळे बघितले आणि म्हणाला, वा, तयार माल आहे. मेल्विना तोंड फिरवून उभी राहिली.

लोक दोन्हीकडे जमले होते. कोणी शिवी दिली नाही, दगड उचलला नाही. मला वाटलं होतं गडबड होईल, मी वरून दोन शिपाई जादा मागवले होते. त्यांना काहीच करावं लागलं नाही. पोलिसांच्या भाषेत बंदोबस्त शांततेत पार पडला.

खालच्या दोन ओळी लागल्या आणि मा घरातून बाहेर आली. रविवारची टोपी घातलेली. एका हातात गाठोडं, दुसऱ्या हातात मरियामातेची तसबीर, काखेत घडीची खुर्ची. मला वाटलं, ही इथे बसून बघणार. ती सरळ माझ्यापाशी आली, खिशातून घराची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली.

मी म्हणालो, मा, घर जाईल. ती म्हणाली, हो. मी म्हणालो, तीन महिन्यांत जाईल, मग पुन्हा मिळणार नाही. ती म्हणाली, “ऐकलंय मी ते. तू तुझं काम कर, पोरा. मी माझ्या कामाला जाते.”

तिला पाय उचलून ते दोन थर ओलांडता येईनात. मी तिला धरलं. पलीकडून तू धरलंस. एक क्षण ती आपल्या दोघांच्या हातांवर होती, तुझ्या लक्षात आलं का ते मला माहीत नाही. मग ती तिकडची झाली. खुर्ची उघडली, भट्टीकडे पाठ आणि माझ्याकडे तोंड करून बसली, तसबीर मांडीवर घेतली आणि गवंड्याला म्हणाली, हं, लाव आता. मी गवंड्याला थांब म्हणालो नाही. माझ्याकडे थांब म्हणण्यासारखा एकही कागद नव्हता.

तो भराभर लावत गेला. आधी तुझे गुडघे दिसेनासे झाले, मग माची टोपी. वरचे ठोकळे शिडीवर चढून बसवत होता. शेवटचा एक राहिला तेव्हा पलीकडून तुझा आवाज आला. सहा वर्षांनी पहिल्यांदा तू माझ्याशी बोललीस. म्हणालीस, “हिलो, तिच्या गोळ्या?”

मी पळालो, फिलो. या वयात, बूट घालून, सगळ्या लोकांसमोर. कपाट उघडलं, सापडेनात, उशाशी सापडल्या. परत आलो तर गवंडी शिडीवर शेवटचा ठोकळा हातात धरून उभा, कानातली वायर काढलेली. त्याने उतरून मला शिडी दिली. मी वर चढलो आणि त्या फटीतून पिशवी आत सरकवली. पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज झाला आणि एक हात वर आला. पिठाने पांढरा झालेला. तुझा होता की माचा, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. बोटांना पीठ लागलं तेवढं कळलं. मग मी खाली उतरलो आणि त्याने ठोकळा बसवला.

मग मला रडू आलं. मेल्विनाने जीपचं दार माझ्यासाठी उघडलं, म्हणजे तार सोडली, आणि तिला बराच वेळ लागला, ते बरं झालं.

घराची किल्ली माझ्याकडे आहे. मी संध्याकाळी जाऊन दिवा लावतो, खिडकी उघडतो, मंडळाचा माणूस आला तर कोणीतरी राहतं असं वाटावं म्हणून. पोलिस असून असली लबाडी करतोय. पण शेजारणीने सांगितलं, त्यांनी नोंद घेतली आहे. या वेळी खरोखर घेतली असणार.

साहेबांनी सांगितलंय की या वसाहतीमागे आणखी एक टप्पा होणार आहे. नकाशा आलाय. पोलिस सेवेच्या दृष्टीने बाबी कळवायच्या आहेत. तो गुंडाळून टेबलाखाली ठेवलाय. कोरा पाठवला तरी वाट बंद करणारा दुसरा कोणी निघेल, आणि वाट ठेवा म्हणून लिहिलं तर काय होतं ते मी बघितलंय.

हे पत्र मी स्वतः आणतोय, मोठ्या रस्त्याने, वळणावरून, चालत. जीप घेतली नाही. दार वाजवणार नाही, उंबऱ्यावर ठेवून जाईन. साखरेच्या डब्यामागे ठेवलंस तरी चालेल, पण त्याआधी एवढा शेवट वाच.

पांढरी गोळी सकाळी, काही खायच्या आधी. पिवळी रात्री, जेवल्यावर. मा उलटं सांगेल आणि अगदी शपथेवर सांगेल. तिचं ऐकू नकोस.

हिलो